डायव्हिंगच्या बोटीवर पिशवी उलट्या क्रमाने भरावी

मालवण-तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगसाठी जाणारे आपण मुंबईकर बहुधा एकच भलीमोठी सॅक घेऊन बोटीवर चढतो आणि ऐन वेळी मास्क सापडेना म्हणून सगळे सामान डेकवर पसरतो; मग हलत्या बोटीत कोणाचा तरी पाय घसरतो, नाहीतर मास्कची काच सिलिंडरखाली येऊन फुटते.

१. मोठी जाळीची पिशवी घ्यावी. जे सर्वांत शेवटी घालायचे ते तळाशी, म्हणजे खाली फिन्स (पोहण्यासाठी पायांत घालायचे रुंद पंख), त्यावर डबीत ठेवलेला मास्क आणि सर्वांत वर सूट.

२. पिशवी आपल्याच बाकाखाली ठेवावी व काढलेली वस्तू लगेच तिच्यात टाकावी. सिलिंडर उभा सोडून हलू नये. तो बांधावा किंवा आडवा ठेवावा.

३. मास्कच्या काचेवर आतून लहान मुलांच्या शाम्पूचा एक थेंब चोळून खंगाळावे, म्हणजे वाफ धरत नाही. मात्र कॅमेऱ्यांसाठी ठेवलेल्या गोड्या पाण्याच्या बादलीत मास्क बुडवू नये.

४. वर आल्यावर हजेरी होईल तेव्हा ज्याचे नाव त्यानेच ओ द्यावी, मित्राच्या वतीने ‘तोही आला’ असे कधीही सांगू नये. १९९८ साली ऑस्ट्रेलियात मोजणी चुकल्यामुळे दोन डायव्हर भर समुद्रात मागे राहिले आणि ते पुन्हा सापडले नाहीत.

सावधगिरी एकच: एकाहून अधिक डाइव्ह केल्या असतील, तर शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तास विमानप्रवास करू नये, त्यामुळे परतीचे तिकीट त्या हिशेबानेच काढावे.