भरतीची तयारी करताय? बेळगाव सीमाभागातल्या पोरांनी या चुका टाळाव्यात

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात सैन्यभरतीवर सल्ला देणाऱ्यांची वानवा नाही. गल्लीत एखादे सुभेदार नाहीतर हवालदार पेन्शनीवर आलेले असतातच. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर शहरातच, हवाई दलाचं ट्रेनिंग सांबऱ्याला. पण घोटाळाही इथंच होतो. ऐकीव माहिती भरपूर, आणि त्यातली बरीचशी १५-२० वर्षांपूर्वीची. काकांचा सल्ला मनापासूनचा असतो, फक्त ते ज्या भरतीला उतरले ती भरती आता राहिलेली नाही.

आधी मैदान, मग पुस्तक? आता उलटं

पूर्वी रॅली, म्हणजे भरतीचा मेळावा, लागली की पोरं रात्रीच मैदानाबाहेर जाऊन झोपायची. पहाटे पळायचं, मग मेडिकल, आणि त्यातून जे उरतील त्यांची लेखी. २०२३ पासून हा क्रम उलटा झाला. आता आधी संगणकावर परीक्षा, आणि त्यात नाव आलं तरच रॅलीचं ॲडमिट कार्ड. तरी अजून वर्षभर नुसतं पळणारी पोरं दिसतात. अशा पोराला मैदान बघायलाच मिळत नाही.

जनरल ड्यूटीच्या, म्हणजे साध्या शिपायाच्या, पेपरात एका तासात ५० प्रश्न आणि १०० गुण असतात. चुकलेल्या उत्तराला अर्धा गुण कापतात, म्हणून शेवटच्या पाच मिनिटांत डोळे मिटून गोळे रंगवायची जुनी सवय इथं नडते. दुसरी चूक भाषेची. २०२५ पासून हा पेपर १३ भाषांत देता येतो, त्यात मराठी आणि कन्नड दोन्ही आहेत. भाषा फॉर्म भरतानाच निवडायची असते. सायबर कॅफेवाला घाईत इंग्रजी टाकतो आणि मराठी माध्यमात शिकलेला मुलगा तिथं बसून प्रश्नाचा अर्थ लावत राहतो. फॉर्म भरताना शेजारी बसा, प्रत्येक रकाना स्वतः वाचा, आणि ओटीपी येणारा मोबाइल नंबर स्वतःचाच द्या, कॅफेवाल्याचा नको.

मैदानाचं गणित सोपं आहे. १६०० मीटर ५ मिनिटं ३० सेकंदांच्या आत आलात तर ६० गुण, बीमवर १० पुल-अप मारले तर ४०. नऊ फुटांचा खड्डा ओलांडणं आणि झिगझॅग पट्टीवरून तोल सांभाळत चालणं, यात नुसतं पास व्हायचं असतं. परीक्षेचे आणि मैदानाचे गुण मिळून मेरिट लागतं, त्यामुळे "पळून पास झालो" एवढ्यावर भागत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात तीन-चार महिने पळणं बंद पडतं, ही खरी अडचण. तेवढे दिवस बीम वाढवा. माळ्याच्या तुळईलाही लोंबकळता येतं.

पत्ता चंदगडचा घालू का?

नको. सीमाभागातल्या ८६५ गावांच्या उमेदवारांना महाराष्ट्र शासनाच्या नोकरभरतीत सवलत आहे, म्हणून बऱ्याच घरांत समज असतो की सैन्यालाही तीच लागू. सैन्यभरती केंद्राची आहे. तुमचा रहिवासी दाखला ज्या जिल्ह्याचा, तिथल्याच भरती कार्यालयाकडे अर्ज करायचा. बेळगाव जिल्हा बेळगाव कार्यालयाकडे येतो, पलीकडचं चंदगड कोल्हापूरकडे. शिनोळीत कामाला जाता किंवा आजोळ तिकडं आहे, म्हणून तिकडचा पत्ता दाखवलात तर कागद तपासताना अडकाल. शिवाय त्यात तोटाच आहे. जनरल ड्यूटीला कर्नाटकच्या उमेदवाराला उंची १६६ सेंटीमीटर लागते, महाराष्ट्राच्या उमेदवाराला १६८.

नावातली गडबड

मैदान मारून आलेली पोरं सगळ्यात जास्त रडतात ती कागदांच्या टेबलापुढं. सीमाभागात हे दुप्पट होतं, कारण एकाच माणसाचं नाव तीन लिप्यांतून फिरतं. मराठी शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी. आधारावर स्वतःचं नाव आधी, वडिलांचं गायब. नाडकचेरीतून (कर्नाटकातलं दाखले देणारं महसूल कार्यालय) कन्नडमध्ये निघालेल्या दाखल्यावर चौगुलेचा चौगला. एसएसएलसीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या, मार्क्स कार्डावर आईचं माहेरचं नाव, बाकी सगळीकडं सासरचं.

यात ठरवायचं एकच असतं, प्रमाण कोणता कागद? सैन्य दहावीचं मार्क्स कार्ड धरतं. तुमचं नाव, आई-वडिलांची नावं आणि जन्मतारीख तिथं जशी असेल तशीच बाकी सगळीकडे करून घ्या, आधारसुद्धा. उलटं करत बसू नका, म्हणजे आधारानुसार मार्क्स कार्ड बदलायला धावू नका. जाहिरात निघाल्यावर नाडकचेरीत रांग लावून हे जमत नाही, ते आधीच उरकायला हवं.

फौजींच्या मुलांना आणखी एक खाचखळगा आहे. वडिलांच्या सर्व्हिस रेकॉर्डमध्ये मुलाचं नाव आणि जन्मतारीख पार्ट टू ऑर्डरने, म्हणजे युनिटच्या लेखी नोंद-आदेशानं, चढलेली असते. त्या काळी अंदाजे सांगितलेली तारीख आणि शाळेतली तारीख जुळली नाही, की रिलेशन सर्टिफिकेट, म्हणजे फौजीशी नातं दाखवणारा दाखला, अडतं. हे सर्टिफिकेट वडिलांच्या रेकॉर्ड ऑफिसातूनच निघतं. वडील मराठा लाइट इन्फंट्रीत असतील तर ते बेळगावात, तोफखान्यात असतील तर नाशिकला. रेजिमेंटल सेंटरला माजी सैनिकांच्या मुलांसाठी कोट्याची भरती लागते तेव्हा हा कागद नसेल, तर वडिलांची वीस वर्षांची नोकरी सांगूनही गेट उघडत नाही.

टॅटू, मावा, इंजेक्शन

छातीवर किंवा दंडावर महाराजांचं चित्र गोंदवून भरतीला जाणारी पोरं इथं दरवर्षी परत येतात. कायमचा टॅटू हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, किंवा तळहाताच्या मागच्या बाजूला चालतो. बाकी ठिकाणी नाही. भक्ती कितीही खरी असली तरी मेडिकलवाल्यांपुढं नियमच चालतो.

मावा-गुटख्यानं तोंड कमी उघडतं, दातांची तपासणी गुणांवर होते आणि किमान १४ डेंटल पॉइंट लागतात. कान साफ करून जा. गुडघे एकमेकांना टेकतात का, पाय सपाट आहेत का, रंग नीट ओळखता येतात का, हे अकॅडमीची वर्षाची फी भरण्याआधी एखाद्या डॉक्टरकडून बघून घ्या, नंतर नव्हे. रॅलीत अनफिट ठरवलं म्हणून तिथूनच एसटी धरू नका. मिलिटरी हॉस्पिटलमध्ये तज्ज्ञांकडून फेरतपासणी मागता येते, मात्र चिठ्ठीवर दिलेल्या मुदतीतच जावं लागतं.

दम वाढवणारं इंजेक्शन देतो म्हणणाऱ्याला आणि "सेटिंग लावतो, दोन लाख दे" म्हणणाऱ्याला एकाच दारातून बाहेर काढा.

हाती काय येतं, ते आधी वाचा

ही चूक पोरांपेक्षा आई-वडिलांची जास्त. मुलगा लागला म्हणजे पेन्शन, कँटीन, दवाखाना सगळं आलं, असं धरून कर्ज काढलं जातं, कुठं सोयरीकही ठरते.

१४ जून २०२२ ला अग्निपथ योजना जाहीर झाली आणि शिपायाची भरती चार वर्षांची झाली. या शिपायाला अग्निवीर म्हणतात. योजना आली तेव्हा वय साडेसतरा ते २१ असं होतं. आता कोणत्या जन्मतारखा चालतात ते ज्या वर्षी भराल त्या जाहिरातीत बघा. पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, पण त्यातले ९,००० सेवानिधीत, म्हणजे चार वर्षांनी मिळणाऱ्या एकरकमी फंडात, जातात आणि हातात २१,००० पडतात. चौथ्या वर्षी ४०,०००, हातात २८,०००. तुमच्याइतकीच रक्कम सरकार घालतं आणि चार वर्षांनी व्याजासह साधारण ११.७१ लाख मिळतात, त्यावर आयकर नाही. नोकरीत असताना ४८ लाखांचा विमा असतो, त्याचा हप्ता कापत नाहीत. रजा वर्षाला ३० दिवस. काकांच्या वेळच्या दोन महिन्यांच्या सुट्टीचे हिशेब धरू नका. या चार वर्षांत लग्नही करता येत नाही.

चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के जण कायम होतात आणि पुढं किमान १५ वर्षं नोकरी करतात. बाकीचे घरी येतात. त्यांना पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, म्हणजे ईसीएचएसचा (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा) दवाखाना आणि कँटीन कार्डही नाही. स्वतःच्या मर्जीनं मधेच बाहेर पडलात तर फक्त स्वतःचा वाटा मिळतो, सरकारचा नाही. हे वाचून जाऊ नका असं मी म्हणणार नाही. विसाव्या वर्षी एवढी शिस्त, पगार आणि २४-२५ व्या वर्षी हातात एकरकमी पैसा देणारी दुसरी नोकरी या भागात मला तरी माहीत नाही. पण चौथ्या वर्षानंतरची वाट पहिल्याच वर्षी ठरवावी. बारावी झाली नसेल तर नोकरीतच पूर्ण करावी. केंद्रीय पोलीस दलांत अग्निवीरांना राखीव जागा आणि वयात सवलत आहे, तिकडची तयारी आधीच सुरू असलेली बरी.

पुन्हा वर्दी घालायची असेल

जुन्या पद्धतीनं पेन्शनीवर आलेल्यांना डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये, म्हणजे संरक्षण खात्याच्या ठाण्यांवर पहारा देणाऱ्या दलात, परत भरती होता येतं. तिचं सेंटर केरळात कन्नूरला आहे. इथं बहुतेकांची चूक उशिराची असते. घर बांधून, ट्रॅक्टर घेऊन, दोन-चार वर्षं शेती करून मग विचार सुरू होतो, तोवर वय, मेडिकल कॅटेगरी किंवा घरी आल्यापासूनचा काळ आडवा येतो. डिस्चार्ज बुकवर कॅरॅक्टर काय लिहिलंय तेही आधी बघा.

टेरिटोरियल आर्मी (टीए) हा वेगळा मामला. तिची एक बटालियन, ११५ महार, बेळगावातच आहे. पण ती बारमाही नोकरी नव्हे. आपला धंदा किंवा शेती सांभाळून वर्षातले काही दिवस प्रशिक्षण आणि बोलावलं तर सेवा, असं तिचं स्वरूप आहे. कोणी "टीएमध्ये कायमचं लावतो" म्हणत असेल, तर त्याच्याकडं जाहिरातीची प्रत मागा आणि ती घेऊन बटालियनच्या गेटवर जाऊन विचारा.