नवी डिझायर: टेस्ट ड्राइव्ह कशी घ्यावी

नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या मारुतीच्या नव्या डिझायरचं रूप देखणं आहे, पण शोरूमभोवतीच्या सपाट रस्त्यावर तिची पारख होत नाही. चौघं बसवा, एसी चालू ठेवा आणि पणजीत आल्तिनोचा चढ घ्या. इंजिन आता १.२ लिटरचं, चारऐवजी तीन सिलिंडरचं आहे. चढावर वेग पडू दिलात की दुसऱ्या गिअरमध्ये ते दमतं; वेळीच पहिला टाका. मध्येच थांबून पुन्हा निघा. हिल होल्ड (ब्रेक सोडल्यावर चढावर गाडी मागे जाऊ न देणारी सोय) गाडी दोनेक सेकंदच धरतं, तेवढ्यात ॲक्सिलरेटर द्यायला हवा, नाहीतर ती मागे सरकते.

सिग्नलला गिअरच्या दांड्यावर तळहात ठेवा. हलकी थरथर जाणवेल. तीन सिलिंडरमध्ये ती असायचीच, पण डॅशबोर्ड खडखडता कामा नये.

ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या पोटाची उंची, १६३ मिमी. भरल्या गाडीत गावातला उंच गतिरोधक सावकाश, थोडा तिरका घ्या आणि पोट घासतं का ते ऐका.

डिकी ३८२ लिटरची, दोन मोठ्या बॅगा आरामात मावतात. सीएनजी घेणार असाल तर मात्र टाकी डिकीतली जागा खाते, म्हणून टाकी बसवलेल्याच गाडीची डिकी उघडून बघा. उंच माणसाला मागे बसवायला विसरू नका. छत तिथे उतरतं.