हळदीची कापडी फुलं: आधी एक धागा जाळून बघा

अंबाड्यात माळायला किंवा हळदीच्या दागिन्यांसाठी कापडी फुलं घरीच करणार असाल, तर कात्री लावण्याआधी कापडाचा एक धागा चिमट्यात धरून मेणबत्तीवर जाळा. वितळून टोकाला कडक गोळी झाली, तर धागा कृत्रिम. बाजारातलं साटन आणि ऑर्गंझा बहुतेक असंच असतं. जळक्या केसांसारखा वास आला तर रेशीम, कागदासारखा जळाला तर सुती.

कृत्रिम कापडाच्या ५, ४ आणि ३ सेंटिमीटरच्या चकत्या कापा. प्रत्येकीची कड ज्योतीच्या बाजूने, जरा लांबूनच फिरवा. शेंड्यावर धरली की काजळी बसते आणि पिवळ्या कापडावर ती मुळीच लपत नाही. कड वितळून आत वळते, दोरे सुटत नाहीत, पाकळीला छान उभारी येते. पंखा बंद, ओढणी खोचलेली आणि पाण्याचं भांडं जवळ, एवढं हवंच. मग चकत्या एकावर एक ठेवून मधोमध मोती शिवा.

आईच्या जुन्या रेशमी साडीचं फूल करायचं असेल, तर ज्योत नकोच. चकतीची चौघडी करून गोल कडेने धावदोरा घाला आणि ओढा. अशा ५ पाकळ्या एकाच दोऱ्यात ओवल्या की उघड्या कडा मध्यभागी येतात आणि मोत्याखाली दडतात.

क्लिप नुसती चिकटवू नका. मागे फेल्टची, म्हणजे जाडसर नमद्यासारख्या कापडाची, चकती लावून ती टाक्यांनी पक्की करा. उन्हातल्या मांडवात ग्लू गनचा गोंद सैल पडतो.