फोन्सेकांच्या वळणाची मरियामाता: वॉश पद्धतीने चित्र कसं करावं

आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) मूळचे गोव्याच्या सांत इस्तेव्हचे. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयानंतर ते बंगालमध्ये चित्रकार अवनींद्रनाथ ठाकुरांच्या परंपरेत शिकले. वॉश पद्धत याच परंपरेतली: जलरंगातलं चित्र पुन्हा पुन्हा पाण्यात भिजवायचं आणि त्यावर पातळ रंगाचा थर, म्हणजे वॉश, द्यायचा. त्यांनी रंगवलेली साडीतली मरिया पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात अनेक चर्चवाल्यांना खपली नाही. पुढे पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून ते चित्रं काढत राहिले. गोव्यात पर्वरीच्या झेवियर सेंटर या इतिहास संशोधन संस्थेत त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आहे. जमलं तर तो पाहून या, मगच पेन्सिल हातात घ्या.

आधी रेखाटन. युरोपीय मॅडोनाला, म्हणजे तिथल्या चित्रांतल्या मरियेला, साडी नेसवली की चित्र भारतीय होत नाही, आणि बहुतेक चित्रं इथेच फसतात. बाळ डाव्या कडेवर घ्या. मग आईची डावी कंबर बाहेर येते, भार त्याच पायावर जातो आणि तिचा हात बाळाच्या मांडीखालून वळतो. पदर डाव्या खांद्यावर असल्याने बाळाखाली दबतो, म्हणून खांद्यापासून कमरेपर्यंतच्या चुण्या ताणलेल्या काढा, खालच्या सैल. हा ताण चुकला तर बाळ चिकटवल्यासारखं दिसतं. नऊवारी असेल तर घोटे उघडे ठेवा.

कागद ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम, म्हणजे जाड), सुती, गुळगुळीत आणि साधारण ए-३ आकाराचा लागतो. स्वस्त कागदाला दुसऱ्या-तिसऱ्या भिजवणीत लव सुटते आणि नेमका चेहराच खडबडीत होतो. एचबी पेन्सिलीने हलकं रेखाटन करा. त्यावर १ नंबरच्या ब्रशने पातळ बर्न्ट सिएनाची (तांबूस तपकिरी) रेषा काढून ती पूर्ण वाळू द्या.

आता सपाट रंग भरा: त्वचेला यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि थोडा बर्न्ट सिएना, साडीला गडद लाल अलिझरिन किंवा निळा अल्ट्रामरीन. हवा त्यापेक्षा थोडा गडद लावा, कारण पाण्यात काही रंग निघून जाणारच. थॅलो निळा टाळा, तो कागदात मुरतो आणि धुतला तरी निघत नाही. पांढरा रंग या टप्प्यात अजिबात नको, तो पाण्यात सुटून सगळं दुधाळ करतो.

रात्रभर वाळवा. अर्धवट वाळलेला कागद भिजवला तर रंग ओघळतो. कागदापेक्षा मोठ्या ट्रेमध्ये स्वच्छ पाणी घेऊन कागद २–३ मिनिटं बुडवा, रुंद मऊ ब्रश हलक्या हाताने फिरवून सुटा रंग काढा आणि कागद बोर्डवर पसरा. पृष्ठभागावरची चकाकी गेली, पण कागद अजून गार लागतोय, अशा वेळी ऑकरमध्ये चिमूटभर करडा मिसळून पूर्ण चित्रावर पातळ वॉश द्या. चकाकी असताना दिला तर डबकी साचतात आणि कडेने डाग उरतात. कपाळ, नाक आणि बाळाच्या गालावरून ओलसर ब्रशने थोडा रंग उचला. वाळवा आणि पुन्हा भिजवा. अशा ३ ते ५ फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीत नवा रंग घालण्याचा मोह आवरा, नाहीतर चित्र मळकट होतं.

या पद्धतीत उजेड एकाच खिडकीतून येत नाही, तो सगळीकडे सारखा मुरलेला असतो. म्हणून हनुवटीखाली काळी सावली घालू नका, घडण रेषेनेच दाखवा. अवनींद्रनाथांनी जपानी चित्रकारांकडून घेतलेल्या या तंत्राचा खरा उपयोग इथेच आहे: माणूस, भिंत आणि हवा एकाच रंगात भिजून निघतात.

शेवटच्या वॉशनंतर चित्र पूर्ण वाळलं की डोळे, केस आणि साडीचा काठ बारीक ब्रशने पक्का करा. प्रभावलय सोनेरी गुअॅशने (अपारदर्शक जलरंगाने), बारीक रेषेएवढंच द्या. भरीव सोनेरी तबकडी वॉशमधला मऊपणा मारून टाकते. पांढरा लावायचा असेल तर तोही आत्ताच, डोळ्यांत आणि काठावर. त्यानंतर कागद पाण्यात घालता येणार नाही.