नऊशेचा टच-अप साडेतीन हजारांना पडू नये म्हणून

2025च्या दिवाळीच्या तोंडावर मी इंदूरच्या विजय नगरातल्या एका चकचकीत सलूनमध्ये गेले होते. काम एवढंच की भांगातले पांढरे झाकायचे. काचेवर लिहिलं होतं, ‘रूट टच-अप ₹900 से’. दोन तासांनी काउंटरवरच्या मुलीनं हातात दिलेलं बिल 3,540 रुपयांचं होतं. मी लोकमान्य नगरातली, भाजीवाल्याशी कोथिंबिरीवरून दहा मिनिटं हुज्जत घालणारी बाई. पण मागे चार जणी उभ्या होत्या, म्हणून मुकाट्यानं फोन काढला आणि स्कॅन केलं.

घरी येऊन चष्मा लावून बिल वाचलं. टच-अप 1,400 (अमोनिया नसलेला रंग म्हणे), जास्तीची ट्यूब 350, हेअर वॉश 250, ब्लो ड्राय 400, ‘प्लेक्स’ (रंगानं केस खराब होऊ नयेत म्हणून लावतात ते) 600. झाले तीन हजार. वर 18 टक्के जीएसटी, 540.

आता एकेक ओळ सांगते, कारण तेव्हापासून मी इंदुरात तीन-चार ठिकाणी डोकं दिलंय आणि थोड्याफार फरकानं सगळीकडे हेच चालतं.

आधी ते ‘से’. पाटीवरचा भाव सगळ्यात आखूड केसांचा, सगळ्यात साध्या रंगाचा आणि सगळ्यात नवख्या हाताचा असतो. केस खांद्याखाली गेले की भाव वेगळा, ‘सीनियर’ माणसानं कात्री धरली की आणखी वेगळा. म्हणून फोनवर ‘टच-अप कितीला?’ असं विचारू नका. त्याला उत्तर ‘नौ सौ से’ असंच येणार. मी आता आदल्या दिवशी आरशात पाठमोरा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅप करते आणि खाली लिहिते: ‘इतने बाल हैं। टच-अप, बिना अमोनिया, वॉश और ड्राय के साथ, टैक्स जोड़कर कुल कितना दूँगी?’ उत्तर आकड्यातच मागायचं. ‘आ जाइए मैम, देख लेंगे’ असं आलं तर जायचं नाही. एकदा आकडा लिहून आला की काउंटरवर वाद घालावा लागत नाही, नुसता फोन पुढे करायचा.

जास्तीच्या ट्यूबचा दोष मात्र अर्धा माझा होता. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात, आणि टच-अप म्हणजे मुळाशी इंचभर रंग असा बहुतेकांचा हिशेब. मी श्रावण, गणपती, पितृपक्ष सगळं उरकून साडेतीन महिन्यांनी गेलेले. इंचाच्या पुढे पांढरा पट्टा गेला की रंग जास्त लागणारच. सहा-सात आठवड्यांनी गेलं तर हा खर्च टळतो. उशीर झालाच असेल, तर बसण्याआधी विचारा की एका ट्यूबमध्ये भागेल का, आणि ट्यूब आपल्यासमोर उघडायला सांगा. त्यात लाजायचं काय? मिठाईच्या दुकानात आपण काट्यावर नजर ठेवतोच की.

वॉश आणि ब्लो ड्राय. रंग लावल्यावर तो धुवावा लागणार हे शेंबड्या पोरालाही कळतं, तरी काही ठिकाणी धुण्याचे पैसे वेगळे. ते आधीच विचारायचं. ब्लो ड्राय मात्र सरळ नाकारता येतो. टॉवेलनं पुसून, केस मोकळे सोडून घरी या. इंदूरच्या उन्हात ते पलासियाला पोचेपर्यंत वाळतात, थंडीत रुमाल बांधा.

आता प्लेक्स. इथे मी खरी फसले. डोक्याला रंग लागलेला, गळ्याभोवती काळं कापड, चष्मा पर्समध्ये. आरशात मला माझा नुसता धूसर गोळा दिसत होता. मागून मुलाचा आवाज आला, ‘मैम, बाल बहुत ड्राय हैं, प्लेक्स डाल दूँ?’ मी म्हटलं, ‘हं.’ त्या ‘हं’चे सहाशे रुपये. त्या मुलाला मी दोष देत नाही. असल्या जास्तीच्या गोष्टी खपवण्याचं टार्गेट बऱ्याच ठिकाणी त्यांच्या मानेवर असतं. पण खुर्चीत बसल्यावर पुढे आलेल्या प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर ठरवून ठेवा: ‘कितने का है?’ आकडा ऐकला की ‘आज रहने दो’ आपोआप तोंडून निघतं. हायलाइट्स करणाऱ्या पोरींनो, टोनर (पिवळटपणा घालवणारा हलका रंग) धरून भाव विचारा. रंग उडवल्यावर केस पिवळट दिसतात, तेव्हा टोनरला नाही म्हणायची सोय नसते.

राहिला कर. सलूनच्या सेवेवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 18 टक्क्यांवरून 5 टक्के झालाय. माझं बिल ऑक्टोबरचं. तीन हजारांवर 150 व्हायला हवे होते, घेतले 540. दुसऱ्या दिवशी बिल घेऊन गेले, मॅनेजर म्हणाला ‘सॉफ्टवेयर अपडेट नहीं हुआ था’. झालं नसेल बापडं. 390 रुपये परत घेऊनच मी जिना उतरले. बिलावर जीएसटी लावलेला असेल तर पंधरा अक्षरी नंबरही हवा. आपल्या मध्य प्रदेशातला 23ने सुरू होतो. नंबरच नसेल तर कर मागायचा अधिकार नाही. शाम्पूची बाटली विकत घेतली तर छापील किमतीत कर आलेलाच असतो, वर एक पैसा द्यायचा नाही.

बिल तरीही फुगलंच, तर आवाज चढवू नका. तपशीलवार बिल मागा, न विचारता केलेल्या ओळीवर बोट ठेवा आणि विचारा, ‘ये मैंने कब बोला था?’ एखादी ओळ बहुतेक वेळा तिथेच कापली जाते. बिल द्यायलाच टाळाटाळ केली किंवा जास्तीचा कर परत करेनात, तर ग्राहक हेल्पलाइन 1915. हिंदीत बोललं तरी चालतं.

पॅकेजचं थोडक्यात: ‘पाँच हज़ार भरो, सात का काम’ यात मी पडत नाही. माझ्या वहिनीचे अर्धे पैसे शिल्लक असताना मुदत संपली.

आणि टिप बिलात जोडू देऊ नका. मी पन्नासची नोट वेगळी ठेवते आणि केस धुणाऱ्या मुलीच्या हातात देते. मान बेसिनवर टेकवताना खाली टॉवेल घालायचं तिलाच सुचतं.