फरसबी भराला आली की मिठात टाका

फरसबी एकदा शेंगेवर आली की तिला दम नसतो. दर दोन-तीन दिवसांनी तोडा करावाच लागतो. शेंग निबर होऊ दिली तर झाड दाणा भरण्याच्या मागे लागते आणि नवे फूल धरत नाही. या दिवसांत घरचे खाऊन शेंगा उरू लागतात. फ्रीझरमध्ये जागा असेल तर उकळत्या पाण्यातून ३ मिनिटे काढून, गार करून गोठवाव्यात. चव आणि रंग त्यातच जास्त टिकतो. जागा नसेल किंवा विजेचा भरवसा नसेल, तर मीठ आहेच.

खारवायला उरल्यासुरल्या शेंगा घेऊ नयेत. कोवळ्या, मोडताना कट्कन आवाज येणाऱ्या, आत दाणा न फुगलेल्या शेंगा निवडा. दव सुकल्यावर तोडलेल्या उत्तम. निबर शेंग मिठात मऊ होत नाही, उलट चामट होते. शेंगा धुऊन कापडावर पूर्ण कोरड्या करा, दोर काढा. बारीक शेंगा अख्ख्या चालतील, मोठ्या चिरून घ्या.

आता मीठ. १ किलो शेंगांना ३३० ग्रॅम, म्हणजे वजनाचा तिसरा हिस्सा. इथेच बहुतेकांचा हात आखडतो. पण हे मीठ चवीचे नाही, राखणीचे आहे. कोवळ्या शेंगेत सुमारे ९० टक्के पाणी असते. एवढे मीठ त्या पाण्यात विरघळले की जवळजवळ संपृक्त द्रावण होते आणि त्यात जिवाणूंचा निभाव लागत नाही. तळाशी थोडे मीठ न विरघळता दिसले तर प्रमाण बरोबर आहे असे समजा. जाडे, साधे मीठ घ्या. मोकळे राहावे म्हणून पावडर मिसळलेल्या बारीक मिठाने पाणी गढूळ होते.

बरणी काचेची किंवा चिनी मातीची असावी. तळाला मीठ, वर बोटभर शेंगांचा थर, पुन्हा मीठ, असे करत जा आणि प्रत्येक थर मुठीने घट्ट दाबा. पोकळी राहिली की नासाडी तिथूनच सुरू होते. शेवटचा थर मिठाचा. दोन-तीन दिवसांत पाणी सुटते आणि बरणी खाली बसते. रिकाम्या जागेत नव्या तोड्याच्या शेंगा त्याच प्रमाणात मिठासह भरा. शेंगा पाण्याखालीच राहाव्यात म्हणून वर बशी आणि वजन ठेवा. धातूचे झाकण मिठाने गंजते, ते टाळा. बरणी थंड, अंधाऱ्या जागी फळीवर ठेवा. थेट फरशीवर नको.

कमी मिठात, २ ते ३ टक्क्यांच्या पाण्यात, शेंगा आंबवण्याची रीत वेगळी आहे. तिथे राखण आंबटपणा करतो. दोन्हींची सरमिसळ करून ‘थोडे मीठ, बरणी घट्ट बंद’ असा मधला मार्ग काढू नका. बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जिवाणूचे बीजाणू मातीतून शेंगांवर येतात आणि साध्या उकळीने मरत नाहीत. मीठ पाण्यात १० टक्क्यांच्या आसपास असले तर त्याची वाढ थांबते. त्याहून कमी मीठ, आंबटपणा नाही आणि हवाही नाही, ही त्याला सोयीची जागा. शेंगा बुळबुळीत झाल्या किंवा वास बिघडला तर मीठ कमी पडले किंवा भरण सैल झाली. चाखून बघत बसू नका, टाकून द्या. वास ठीक आहे म्हणजे शेंगा सुरक्षित आहेत असे मात्र नाही. खरा भरवसा मापून घातलेल्या मिठाचाच.

वापरताना हव्या तेवढ्या शेंगा कोरड्या, स्वच्छ चमच्याने काढा, वाहत्या पाण्यात चोळून धुवा, कोमट पाण्यात दोन तास भिजवा आणि नव्या पाण्यात मीठ न घालता शिजवा. १० मिनिटे तरी खळखळ उकळी हवी. कच्च्या फरसबीत लेक्टिन हे पोट बिघडवणारे प्रथिन असते आणि मीठ त्याचे काही करत नाही. भिजवण्यात क जीवनसत्त्व बरेच जाते. कितीही धुतले तरी खारटपणा थोडा उरतोच; रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांच्या ताटात या शेंगा नकोत.

धुतलेले पाणी आणि बरणीतले खारे पाणी वाफ्यात किंवा कंपोस्टच्या खड्ड्यात ओतू नका. फरसबी क्षार सोसणारे पीक नाही. ज्या वाफ्यात ते पाणी जाईल तिथे पुढचे बी नीट उगवणार नाही.