पेशीबाह्य मॅट्रिक्सच्या आजारांचा अभ्यास कसा करावा

पेशींच्या अवतीभवती पेशींनीच घडवून बाहेर सोडलेल्या प्रथिनांचे आणि लांबलचक शर्करासाखळ्यांचे जाळे असते, आणि त्यालाच पेशीबाह्य मॅट्रिक्स म्हणतात. या विषयाची तयारी करताना बहुतेक विद्यार्थी आजार आणि जनुक यांचा तक्ता पाठ करतात, पण तो फार काळ लक्षात राहत नाही. माझ्या मते प्रत्येक रेणूचा घडणीपासून विघटनापर्यंतचा प्रवास आधी मांडावा आणि मग प्रत्येक आजाराला एकच प्रश्न विचारावा: बिघाड कोणत्या टप्प्यावर झाला?

सुरुवात कोलॅजेनपासून, म्हणजे या जाळ्याला बळकटी देणाऱ्या मुख्य तंतुमय प्रथिनापासून करावी, कारण तिथे जवळजवळ प्रत्येक टप्प्याला एक आजार आहे. कोलॅजेनच्या तीन साखळ्या वेणीच्या पेडांप्रमाणे एकमेकींत गुंफलेल्या असतात. वेणीच्या मध्यभागी जागा इतकी कमी असते की तिथे ग्लायसीन हे सर्वांत लहान अमिनो आम्लच मावते, म्हणून प्रत्येक तिसरे स्थान ग्लायसीनचे असते. त्या जागी दुसरे अमिनो आम्ल आले की गुंफण अडखळते. ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा या ठिसूळ हाडांच्या आजारात नेमके हेच घडू शकते. इथे थोडे थांबून एक गणित स्वतः करून पाहावे. प्रकार १ च्या कोलॅजेनमध्ये दोन अल्फा-१ साखळ्या आणि एक अल्फा-२ साखळी असते. अल्फा-१ च्या दोन जनुकप्रतींपैकी एक सदोष असेल, तर दर ४ रेणूंपैकी ३ रेणूंमध्ये किमान एक सदोष साखळी शिरते. याउलट तीच प्रत पूर्ण बंद पडली, तर कोलॅजेन निम्मे तयार होते, पण जे होते ते निर्दोष असते, आणि आजार सहसा सौम्य राहतो. हे एकदा उमगले की त्या आजाराचे प्रकार वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

पुढचा टप्पा हायड्रॉक्सिलीकरणाचा. प्रोलीन आणि लायसीन यांना हायड्रॉक्सिल गट जोडणाऱ्या एन्झाइमांना लोह आणि क जीवनसत्त्व लागते. क जीवनसत्त्व नसेल तर वेणी शरीराच्या तापमानाला टिकत नाही, आणि स्कर्व्हीमध्ये हिरड्यांतून रक्त येते, जखमा भरत नाहीत, इतकेच नव्हे तर जुने व्रणही उकलू शकतात, कारण तिथले कोलॅजेन सतत नव्याने भरले जात असते. यानंतर रेणू पेशीबाहेर पडतो, त्याची टोके कापली जातात आणि लायसिल ऑक्सिडेज हे तांबे वापरणारे एन्झाइम तंतूंना एकमेकांशी घट्ट जोडते. मेंकेस आजारात पेशींना तांबे नीट मिळत नाही, त्यामुळे ही जोडणी कच्ची राहते.

कोलॅजेनचे प्रकार जागेनुसार लक्षात ठेवावेत. प्रकार २ कूर्चेत, तर प्रकार ३ रक्तवाहिन्यांत असतो, म्हणून प्रकार ३ मधील दोषामुळे होणाऱ्या एहलर्स-डॅनलॉस आजारात धमनी फुटण्याचा धोका असतो. प्रकार ४ बेसमेंट मेम्ब्रेनमध्ये, म्हणजे पेशींच्या थराखालील पातळ आधारपटलात असतो. अल्पोर्ट आजारात तो जन्मतःच सदोष असतो, तर गुडपाश्चर आजारात शरीरातील प्रतिपिंडे त्याच्यावर हल्ला करतात. मूत्रपिंडाला इजा दोन्हींत होते, पण कारण अगदी भिन्न असते.

इलास्टिन (ऊतींना लवचीकपणा देणारे प्रथिन) आणि फायब्रिलिन (त्या लवचीक तंतूंचा सांगाडा घडवणारे प्रथिन) यांची गल्लत टाळावी. मारफान सिंड्रोममध्ये दोष फायब्रिलिन-१ मध्ये असतो. अल्फा-१ अँटिट्रिप्सिनच्या कमतरतेत मात्र इलास्टिन नीट तयार होते, पण इलास्टिन तोडणाऱ्या इलास्टेज या एन्झाइमला पुरेसा आवर घालणारे कोणी उरत नाही आणि फुफ्फुसांना एम्फिसीमा होतो, म्हणजे त्यांतील हवेच्या पिशव्यांच्या भिंती नष्ट होतात.

शर्करासाखळ्यांकडे शेवटी वळावे. ग्लायकोसअमिनोग्लायकॅन या लांब शर्करासाखळ्यांवरील ऋण प्रभार सोडियम आणि पाणी ओढून घेतो, म्हणून कूर्चा दाब सोसते. हायल्युरोनन हा त्यांतील अपवाद आहे, कारण त्यावर सल्फेट नसते आणि इतर साखळ्या ज्या मधल्या प्रथिनाला (गाभा-प्रथिनाला) जोडलेल्या असतात, त्याला तो सहसंयुज बंधाने जोडलेला नसतो. म्युकोपॉलिसॅकरिडोसिस या आजारांच्या गटात या साखळ्यांची घडण सुरळीत असते, मात्र लायसोसोममधील (पेशीतील विघटन करणाऱ्या पिशवीतील) एक एन्झाइम कमी पडल्याने विघटन अडते. या गटातील हर्लर आणि हंटर या दोन्ही आजारांत डर्मॅटन सल्फेट आणि हेपॅरन सल्फेट या शर्करासाखळ्या साचतात. हर्लरच्या उलट हंटरमध्ये डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा (कॉर्निया) सहसा स्वच्छ राहतो आणि दोष एक्स गुणसूत्रावर असतो. लघवीत दोन्हींत तेच पदार्थ सापडत असल्याने निदान पक्के करण्यासाठी पांढऱ्या रक्तपेशींतील त्या त्या एन्झाइमची क्रियाशीलता मोजावी लागते. ते एन्झाइम शिरेतून देण्याचे उपचारही उपलब्ध आहेत, पण नेहमीच्या एन्झाइमला रक्त-मेंदू अडथळा (रक्तातील पदार्थांना मेंदूत शिरू न देणारी भिंत) ओलांडता येत नसल्याने मेंदूतील साठा त्याने फारसा कमी होत नाही.